सरूबाईची गोड गोळ्यांची बाटली

होमिओपॅथीच्या डॉक्टरला औषधाआधी प्रश्नच फार विचारावे लागतात. झोप कशी, घाम कुठे, राग येतो का. आता दुष्काळाच्या वर्षी वडवणीत बसून असले प्रश्न विचारले की किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपणहून दवाखान्यात येऊन बसतात.

*

माझा दवाखाना दूध सोसायटीच्या शेजारच्या खोलीत. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना विचारलं, "तहान किती लागते?"

"टँकर आला की लागती."

*

सोसायटीचे चेअरमन पोटाची तक्रार घेऊन आले. म्हटलं, "राग लवकर येतो का?"

त्यांनी आधी दाराबाहेर बसलेल्या सभासदांकडे पाहिलं. "इलेक्शन झाल्यावर सांगतो."

*

सोसायटीला दूध घालणाऱ्या बबनरावांना मी हौसेनं समजावलं, की आमच्यात औषध पातळ करत जातात आणि त्यानं ताकद वाढते असं मानतात. दुसऱ्या दिवशी सोसायटीनं त्यांचं दूध परत केलं. ते सेक्रेटरीला घेऊन थेट माझ्या दारात.

"सांगा ह्यांना डॉक्टर, पाणी घातल्यानं ताकद वाढती का न्हाई?"

सेक्रेटरी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

*

एक गोष्ट मात्र मी पाटीवरच लिहून ठेवली होती: मोठ्या आजारात आमच्या गोळ्या सोबतीला, सरकारी दवाखान्याच्या बदल्यात नाही.

सरूबाईला टीबी झाला होता. सरकारी गोळ्यांनी खोकला थांबला, तशा तिनं गोळ्याही थांबवल्या. "त्या कडू, लई मळमळतं. तुमच्या गोड द्या."

अर्धवट सोडल्या तर आजार उलटणार, आणि ही निघाली ऊसतोडीला. मला खरंच भीती वाटली. तिला सरकारी दवाखान्यात नेऊन गोळ्या परत सुरू केल्या, पुढच्या गोळ्या कारखान्याजवळ मिळतील अशी सोय लावली. मग गोड गोळ्यांची बाटली हातात दिली. "रोज आधी कडू, मग गोड. उलटं चालायचं नाही."

हंगाम संपल्यावर ती आली. अंग भरलेलं, रिपोर्ट चांगला. "तुमच्या बाटलीचा लई गुण आला बगा," म्हणत तिनं पदराची गाठ सोडून बाटली टेबलावर ठेवली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"सरूबाई, यातली एकही खाल्ली नाही?"

"खाल्ल्या असत्या तर संपल्या असत्या. मग रोज कडू गोळीची याद कुणी दिली असती?"