बाबा अठराशे एकोणसाठात राहतात

अमेरिकेला निघताना घराच्या किल्ल्या मी सवयीने पर्समध्ये टाकल्या, तर बाबांनी त्या काढून दाराशेजारच्या लाकडी ट्रेमध्ये ठेवल्या. "लोखंड कशाला वागवतेस? दार उघडायला मी आहे," म्हणाले. खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती आणि मला त्यांचा थोडा रागच आला.

तो ट्रे त्यांच्या नोकरीतून घरी आला होता. कोकणातल्या एका वेधशाळेत ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घ्यायचे. यंत्रांच्या खोलीत लोखंडाची टाचणीही चालत नसे. किल्ल्या, घड्याळ, पट्टा बाहेर ठेवून आत जायचं. आमच्या घरी पाहुण्यांनाही तेच करावं लागे आणि आई ओशाळून हसायची.

आता मी अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात असते. गराज कोडने उघडतं, किल्ली हातात येतच नाही. आणि बाबा, त्यांच्या मते, १८५९ सालात असतात.

ते साल त्यांचं लाडकं. त्या साली सूर्याकडून आलेल्या वादळाने जगभरच्या चुंबकसुया वेड्यासारख्या हलल्या, मुंबईतल्यासुद्धा. विस्मरणाचा आजार सुरू झाला तसं बाकी सगळं गळालं, आम्हीही गळालो, ते साल तेवढं उरलं. व्हिडिओ कॉलवर ते ताज्या बातम्या सांगतात. सुएझला कालवा खणायला घेतलाय. पेनसिल्व्हेनियात जमिनीतून तेल निघालं. सत्तावनचं बंड शमलंय, पण लोक अजून दबक्या आवाजात बोलतात, असं सांगताना स्वतःही आवाज खाली आणतात. फोन ठेवल्यावर मला माझंच साल खोटं वाटायला लागतं. मला ते 'अहो बाई' म्हणतात. सवय झाली असं मी सगळ्यांना सांगते. झालेली नाही.

गेल्या ऑक्टोबरात जेवणं झाल्यावर माझ्या मुलीने, इराने, बॅकयार्डमधून हाक मारली, "ममा, द स्काय इज रेड." खरंच शेजाऱ्यांच्या छपरांमागे लाल उजेड उभा होता, जराही आवाज न करता. नॉर्दर्न लाइट्स, सूर्याकडून आलेल्या तशाच वादळाचा उजेड. तिकडे सकाळ झालेली. मी फोन लावला आणि कॅमेरा आभाळाकडे धरला. बाबा डोळे बारीक करून स्क्रीनच्या अगदी जवळ आले.

"अमेरिकेच्या तार ऑफिसातून बोलताय ना?" ते हळूच म्हणाले. "बॅटरी काढून टाका. आज आभाळच तार चालवतंय."

त्या साली खरंच तसं झालं होतं. इथल्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढल्या, तरी त्यांचं बोलणं चालू राहिलं. मी काही म्हणणार तोच माझा फोन बंद पडला. चार्जिंग संपलं होतं.

आत जाऊन चार्जर शोधायचा सोडून मी गवतात उभी राहिले आणि त्या काळ्या फोनशी बोलत राहिले. बाबा, मी मनू. ट्रे आहे ना अजून दाराशी? माझ्या किल्ल्या कुठे आहेत? इरा माझ्याकडे बघून घाबरली आणि घरात पळाली.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. कॉल कट झाल्यावरही बाबा फोन कानाला लावून बसले होते. मधूनमधून हं हं करत होते, एकदा हसले. ती फोन घ्यायला गेली तर तिलाच गप्प केलं. काही बोलले का, मी विचारलं.

"बोलले ना. म्हणाले, मनू, किल्ल्या नको शोधूस. दार उघडायला मी आहे."

मी खूप रडले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून माझं नाव निघालं, ते मला ऐकूच आलं नव्हतं.

मी तिकीट काढलंय. समोर गेले की पुन्हा 'अहो बाई'च होणार, ठाऊक आहे. पण घर म्हणजे माझ्यासाठी आता आतून उघडणारं ते दार, तेवढंच. आईकडे किल्ली मागणार नाही. घड्याळ, बांगड्या काढून हातात घेईन, बेल वाजवीन आणि बाहेर उभी राहीन.