जिवंत पिन

माझा थोरला भाऊ गेल्यापासून त्याचं खोदाईचं जुनं मशीन अंगणात सोंड टेकून उभं आहे. सोंडेच्या सांध्यातली पिन झिजली आहे आणि तसली पिन आता कुणी बनवत नाही. म्हणून मी भंगार बाजारात आलो. तिथे त्याच जातीचं एक मशीन आडवं पाडलं होतं. गॅसकटरने त्याचं अर्धं धड कापून नेलं होतं आणि खालच्या मातीत काळं तेल साचलं होतं.

"गाडी मेलेली आहे, सर, पण पिन जिवंत आहे," असं म्हणत भंगारवाल्या रफिकभाईंनी घण उचलला.

पहिल्याच घावाला गंज उडाला आणि सांधा किंचाळला. सोंडेवरचं दसऱ्याच्या पूजेचं वाळलेलं कुंकू झडलं. दादाच्या वेळी स्मशानात माझ्या खांद्यावरच्या मडक्यावर काकांनी दगड मारला, तेव्हा मी असाच दचकलो होतो.

"जरा हळू मारा, भाई."

"घण तिला बसतोय आणि विव्हळताय तुम्ही! हळू मारलं तर ती आतच राहील."

ते मारत राहिले. जाणाऱ्याचं काही मागे ठेवून घ्यायचं, तर ते असं ठोकूनच काढावं लागत असेल. शेवटच्या घावासरशी पिन चिखलात पडली. रफिकभाईंनी ती पुसून माझ्या हातात दिली.

घावांनी ती तापली होती. दादाचा हात मी शेवटचा धरला, तेव्हा तो गार होता. मी पिन पिशवीत टाकली नाही.