मास्तरांचा डावा हात

मी बास गिटार वाजवतो असं सांगितलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हंजे गिटारच नं?" नाही. गिटारला सहा तारा असतात, याला चार, आणि त्या सायकलच्या ब्रेकच्या तारेसारख्या जाड. लोक जी चाल गुणगुणत घरी जातात ती यातून निघत नाही. यातून निघतो तो खालचा आवाज, ज्याच्यावर बाकीचे उभे राहतात. माझं घर देऊळघाटचं, घरी वांगी, मेथी, पालक लावतात. वडील एकदा माझा अख्खा कार्यक्रम ऐकून आले आणि दुसऱ्या दिवशी वाफ्यात पाणी देता देता म्हणाले, "सगळ्यायचं ऐकू आलं. तुयं काय होतं त्याच्यात?"

मी पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. एरवी मला उत्तरं लगेच सुचतात, कारण माझं दुसरं काम पत्रकं लिहिण्याचं. बुलढाण्याला कॉलेजात असताना वसतिगृहाच्या पाण्यावरून आम्ही पहिलं पत्रक काढलं, तेव्हापासून लिहितोच आहे. ज्या दादांनी मला पत्रक लिहायला शिकवलं त्यांचा नियम एकच होता. गोल गोल लिहू नको. अन्याय कोणावर झाला, कोणी केला, सरळ लिही. झाकलेलं उघडं कर, मग लोक हलतात. तो नियम मी मनापासून घेतला. पुढे त्याच नियमानं मी काय करून बसलो ते मी कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.

आमचा ग्रुप मलकापूरचा, पाच जणांचा. गाणारा आणि मालक एकच, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, सगळे त्याला भाऊ म्हणतात. एक गाणारी ताई. ऑक्टोपॅडवर एक जण. ढोलकीपासून ड्रमपर्यंत सगळे ठोके त्या एका पाटीतून निघतात. कीबोर्डवर मास्तर. आणि मी. लग्नं, निवृत्तीचे सत्कार, शाळांची स्नेहसंमेलनं. आमच्यातला एकही जण यावर पोट भरत नव्हता. मास्तर आयुष्यभर एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसले. कापसाच्या गाड्यांची रांग, उन्हात तापलेले ड्रायव्हर, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत "ओ काटेवाले, हालवा नं लवकर". तिथं त्यांना मास्तर कोणी म्हटलं नाही. मास्तर ते फक्त स्टेजवर होते.

आमच्या भागातल्या ग्रुपात बासवाला ठेवतच नाहीत. कीबोर्डवाला उजव्या हातानं चाल वाजवतो आणि डाव्या हातानं खालचे सूर देतो. एका खुर्चीत दोघांचं काम. म्हणून मी पहिल्यांदा बास घेऊन भाऊच्या दुकानात गेलो तेव्हा तो हसला.

"बंदूक घेऊन आला काय बे?"

मास्तर कोपऱ्यात चहा पीत होते. म्हणाले, "वाजव." मी वाजवलं, जेवढं मोबाइलवर बघून शिकलो होतो तेवढं. चुकलोही. त्यांनी कप खाली ठेवला आणि भाऊला म्हणाले, "याले घ्या."

"कायले मास्तर? तुमचा डावा हात हाये नं."

"माया डावा हात म्हातारा झाला आता. घ्या पोराले."

सगळे हसले. मीही हसलो.

पहिल्याच कार्यक्रमात मी पाहिलं, मास्तरांनी डावा हात मांडीवर ठेवला तो शेवटपर्यंत वर आणला नाही. उजव्या हातानं वाजवायचे आणि सूर बदलायची वेळ आली की हनुवटी किंचित वर करायचे. मी डोळे त्या हनुवटीवर ठेवून वाजवत असे. मला वाटलं, माझ्यासाठी यांनी हात आवरला. खालची जागा मोकळी करून दिली. एवढा जुना कलावंत नवख्याला अर्धी जागा देतो! मी भारावून गेलो. इतका की आमच्या संघटनेच्या एका शिबिरात मी हे उदाहरण भाषणात वापरलं. म्हणालो, नेतृत्व करणाऱ्यांनी मास्तरांकडून शिकावं, तरुणांना जागा द्यायची तर आपला एक हात मागे घ्यावा लागतो. टाळ्या पडल्या. आज ते आठवलं की कान गरम होतात.

खरं काय ते मला नांदुऱ्याला कळलं. एका मुख्याध्यापिकेचा निवृत्तीचा सत्कार होता, भर दुपारी, शाळेच्या मैदानावर मांडव. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझ्या अॅम्पचा फ्यूज गेला. फट्ट. खालचा आवाज गायब. मी मास्तरांकडे पाहिलं. कुठलाही कीबोर्डवाला अशा वेळी विचार न करता डावा हात टाकतो, आणि मांडवात कोणाला काही कळतसुद्धा नाही. मास्तरांनी हात टाकला नाही. त्यांनी चाल अर्ध्यावर सोडली आणि उजवा हातच खालच्या पट्ट्यांवर नेला. मग पुन्हा वर. पुन्हा खाली. एकाच हाताची ती पळापळ मी चार पावलांवरून बघत होतो. ताईनं गाता गाता मागं वळून पाहिलं. मास्तरांच्या कपाळावरून घाम डोळ्यात चालला होता आणि तो पुसायला हात नव्हता.

गाणं संपल्यावर भाऊ माइकवरून काहीतरी विनोद सांगून वेळ काढत होता. मी फ्यूज बदलायला वाकलो, तेव्हा कीबोर्डच्या खालून दिसलं. मास्तर उजव्या हातानं स्वतःचं डावं मनगट धरून उचलत होते. एखादी पिशवी सरकवावी तसा तो हात त्यांनी मांडीवर नीट सरकवला. बोटं आत वळलेली होती.

त्यांनी मला बघताना बघितलं.

सामान टेम्पोत चढवताना ते माझ्याजवळ आले. "लकवा होता बे, हलका. तू ग्रुपात यायच्या आधी चार महिने, पावसाळ्यात, कार्यक्रम बंद होते तवा. पाय सुधरला, तोंड सुधरलं, बोटं नाई ऐकत."

"भाऊले माहीत नाई?"

"कोणालेच नाई. घरी हाये माहीत. काट्यावर कायची गरज, एका हातानं आकडा लिवता येते." मग म्हणाले, "सांगू नको."

"हाव," मी म्हणालो.

पंगतीला सगळेच डावा हात मांडीवर ठेवून जेवतात. आम्ही कित्येक लग्नांत एका ओळीत बसून जेवलो होतो. मला काय कळणार होतं?

त्या दिवसापासून मी वाजवताना बदललो. आधी मी चुका केल्या तर त्या माझ्या होत्या. आता मी मास्तरांचा हात होतो. घरी मळ्याच्या खोलीत तास तास बसून गाणी घोटली, एकही कार्यक्रम चुकवला नाही, एका मोर्च्याला सुद्धा गेलो नाही आणि दादांना पोटदुखीचं कारण सांगितलं. दोन वर्षं हे असं चाललं. मला तेवढं चांगलं पुन्हा कधी वाजवता येईल असं वाटत नाही.

मग एका दुपारी भाऊनं सगळ्यांना दुकानात बोलावलं. चहा आला. भाऊ म्हणाला, हल्ली मंगल कार्यालयं स्टेज लहान देतात, पाच माणसं मावत नाहीत. "तं मी काय म्हनतो, बास काढून टाकू. कोणाले ऐकू येते बे ते? मास्तर मारतीन नं डाव्या हातानं, पयले मारतच होते." माझ्याकडे बघून म्हणाला, "तू राग नको मानू, लेका."

मास्तर कपात बघत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं, हा माणूस अडकला आहे, याच्या बाजूनं कोणीतरी उभं राहिलं पाहिजे. आणि मी उभा राहिलो. खरंच खुर्चीतून उभा राहिलो.

म्हणालो, "भाऊ, मास्तरांचा डावा हात अडीच-तीन वर्षांपासून चालत नाही. लकवा झाला त्यांना. झटका आल्यावर चार महिन्यांत हा माणूस स्टेजवर आला, एका हातानं तुमचा ग्रुप चालवला, आणि तुम्हाला पत्ता नाही. कधी विचारलं तुम्ही? राबवून घेता, माणूस म्हणून बघता का?" आणखीही बरंच बोललो. भाषण तयारच असतं माझ्याजवळ. एका जागी तर मी "या दुकानात बसलेल्या प्रत्येकानं" असंही म्हणालो, आणि दुकानात पाचच जण होतो.

मी खाली बसलो. ऑक्टोपॅडवाला चहातली साय बोटानं काढत राहिला. ताईनं पदर सारखा केला. मास्तरांनी डावा हात मांडीवरून उचलून शर्टाच्या खाली घेतला, उजव्या हातानं, सगळ्यांसमोर.

भाऊ रागावला असता तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो. तो उठला, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, "मास्तर, सांगायचं नं हो. आमी काय परके हाओत काय? आता तुमी आराम करा."

आराम करा. या दोन शब्दांवर मी किती पत्रकं लिहू शकतो! माणसाला कामावरून काढायची ही सगळ्यात सभ्य रीत. याला निषेध नोंदवता येत नाही, याला उलट धन्यवाद द्यावे लागतात. मास्तरांनी दिले. "हाव भाऊ, बरं झालं," म्हणाले, आणि चहा न संपवता उठून गेले.

त्याच महिन्यात भाऊनं लॅपटॉप आणला. कीबोर्ड, बास, सगळं आधीच भरलेले ट्रॅक त्यात होते. वर फक्त ताईनं आणि त्यानं गायचं.

आठवड्यानं मी मास्तरांच्या घरी गेलो. स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या. काकूंनी चहा दिला आणि आत गेल्या. मी माफी मागायला गेलो होतो, पण सवयीप्रमाणे भाऊविरुद्ध सुरुवात केली. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"खोटं नाई बोलला तू काई. पण ते मायं होतं बे. मी सांगतलं असतं, नसतं सांगतलं. तू काऊन सांगतलं?"

"तुमच्यासाठी, मास्तर. अन्याय होत होता तुमच्यावर."

"माया जागेवर होत होता काय? त्या दिवशी बास निघून राह्यला होता."

हे मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. भाऊ त्या दिवशी मला काढत होता. मी मास्तरांचा हात पुढे केला तो माझी जागा वाचवायला की त्यांची, हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. मास्तर नंतर एकट्यानं भाऊला सांगणार होते का, काही युक्ती काढणार होते का, हेही आता कधी कळायचं नाही. मी त्यांना अर्ध्या तासाचीही सवड दिली नाही.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. भाऊनं मला ठेवलं. लहान स्टेजचं कारण विरून गेलं, कारण लॅपटॉपमागे दोघेच उभे राहिले तर व्हिडिओत रिकामं दिसतं आणि गिटार गळ्यात घातलेला पोरगा बरा दिसतो. ऑक्टोपॅडवालाही तसाच, बंद पाटीवर काड्या हलवायला. मला सांगितलं, "वायर लावू नको, ट्रॅकसोबत भांडते. बोटं हालव फक्त." आणि मी हलवली. मी, जो जिल्हाभर लोकांना सांगत फिरतो की खोट्यात सामील होऊ नका. चार कार्यक्रम मी मुकी बास गळ्यात घालून बोटं हलवली, कारण स्टेज सुटत नव्हतं.

चौथा कार्यक्रम नांदुऱ्याचं एक लग्न. दुपारी अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली आणि आम्ही गाणी लावली. नवरीला लहानपणी मास्तरांनी पेटी शिकवली होती, म्हणून ते आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डावी बाही बटण लावून. ते स्पीकरच्या बाजूला खुर्ची घेऊन बसले आणि माझ्या बोटांकडे बघत राहिले. दोन गाणी. मी वायरचं मोकळं टोक पायानं मागे सारत होतो. तिसऱ्या गाण्यात ते उठले, नवरीच्या वडिलांना नमस्कार केला आणि जेवण न करता फाटकाकडे निघाले.

मी कडव्याच्या मध्यावर पट्टा काढला आणि बास खुर्चीवर ठेवली. गाणं चालूच राहिलं. खालचा आवाजही चालू राहिला, जसाच्या तसा. पंगतीतलं कोणी मान वर केली नाही. भाऊनं गाता गाता डोळे वटारले. मी उतरलो.

मास्तर रस्त्यावर एसटीसाठी उभे होते.

"काऊन उतरला बे?"

"ते मी नव्हतो वाजवत, मास्तर."

"मले काय सांगून राह्यला? कडव्यावर तू दर वेळी घाई करते. आज नाई केली."

मी म्हणालो, मी घरी येतो, आपण दोघं बसू, तुम्ही उजव्या हातानं वाजवा. ते म्हणाले, कीबोर्ड त्यांनी भाच्याच्या पोरीला दिला, ती शिकून राह्यली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी त्याला काही म्हणू शकलो असतो.

मलकापूरची बस आली, भरलेली. दाराशी लोंबकळत माणसं. मी त्यांच्या कोपराला धरायला हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, आणि मग वर बघून, सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, अनोळखी कंडक्टरला म्हणाले,

"ओ साहेब, धरा जरा मले. डावा हात चालत नाई माया."

कंडक्टरनं वाकून त्यांना वर घेतलं. एक बाई सरकून बसली. बस गेली.