कोपऱ्यातल्या कबरीची मेणबत्ती

शहाण्णव साली मी मस्कतला निघाले तेव्हा उमेळ्यातल्या आमच्या ओट्यावर अर्धी आळी जमली होती. पप्पा बॅगेला सुतळी बांधत होते, आई लोणच्याची बरणी कपड्यांत दडवत होती. मेरीकाकीने मात्र माझ्या हातात दोन मेणबत्त्या ठेवल्या आणि विचारलं, "तिकडं पन ह्योच दर्या ना गं?" मी हो म्हटलं. तेवढं ऐकून ती आत गेली.

काका, म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ, नेव्हीत होता. एकाहत्तरच्या लढाईत पाणबुडीने त्याचं जहाज बुडवलं. बरोबरचे कितीतरी खलाशी गेले, तोही गेला. काकीच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. देह मिळाला नाही, त्यामुळे कबर नाही.

आमच्याकडे नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी प्रत्येक घर आपली कबर धुऊन, झेंडूने सजवून, मेणबत्ती लावून फादरची वाट बघत उभं राहतं. ते येतात, पवित्र पाणी शिंपडतात, पुढे जातात. काकी आमच्यात कधी उभी नसायची. ती कोपऱ्यातल्या एका कबरीपाशी असायची. त्या घरची माणसं केव्हाच गाव सोडून गेली होती, क्रुसावरचं नावही पुसलं होतं. मग काकी तिथे का? सगळ्यात नाक खुपसायची माझी खोड जुनी. आई म्हणायची, काकीला खूळ लागलंय, तू काही विचारू नकोस. मी विचारलंच.

"तुझा काका कुठल्यातरी किनाऱ्याला लागला असंल," काकी म्हणाली. "तिकडची कोन बाय त्याचं बघत असंल. म्हनून मी हिकडं ह्यांचं बघते."

मस्कतला हॉस्पिटलात नर्सची ड्यूटी, शेअरिंगची खोली, शुक्रवारची सुट्टी. इतक्या नवलाईत मी आधी शोधायला लागले काय, तर बेवारस कबरी. कोणी मच्छीमार ॲडमिट झाला की माझी चौकशी सुरू. एका म्हाताऱ्याने मोडक्या हिंदीत सांगितलं, आमच्या गावी समुद्राने आणून टाकलेल्याला पुरतात, धर्म विचारत नाहीत. बरा झाल्यावर त्याने मला आणि माझ्या रूममेटला तिकडे नेलं. वाळूत नाव नसलेले दगड उभे होते. मी मेणबत्ती लावली, वाऱ्याने विझली. दुसरीही विझली. म्हातारा हसला नाही. त्याने बाटली उघडून दगडांवर पाणी शिंपडलं, अगदी आमचे फादर शिंपडतात तसं. मला रडूच फुटलं.

आयएसडी कार्ड घेऊन काकीला फोन लावला. तो तिथं हाय का, एवढंच तिने विचारलं. हो म्हणावंसं फार वाटलं, पण म्हटलं नाही. कोण कुठला ते तिथल्या कोणालाच ठाऊक नाही, पण जे आहेत त्यांचं बघणारं माणूस आहे, असं सांगितलं. 

"बस," काकी म्हणाली. "मला तेवढंच पायजे व्हतं."

आता आमची केळीची वाडी गेली, तिथे बिल्डिंग झाली. पप्पांना त्यातच फ्लॅट मिळाला. सुट्टीवर गेले की नवा वॉचमन मला विचारतो, किसके घर जाना है? उमेळ्यात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही तिकडचे झालो. जे माझ्यासारखे निघाले, त्यांना विचारा तिकडचे खरंच किती झाले ते.

काकी गेली तेव्हा मला रजा मिळाली नाही. त्या नोव्हेंबरात मी आईला फोनवर म्हटलं, कोपऱ्यातली कबर यंदा अंधारात राहिली असेल. नाही, आई म्हणाली, मीच लावली मेणबत्ती. काकीला खूळ लागलंय म्हणणारी माझी आई. मी सवयीने विचारलं, का?

"का म्हंजे? तू तिकडं हाईस ना," ती म्हणाली. "तुझं कोनी बघायला नको?"

घर कुठे असं कोणी विचारलं, तर मला आता तो कोपरा आठवतो. तिथे आमचं कोणीच पुरलेलं नाही.