एक टक्क्याचं घर

बाबा रिटायर व्हायला वर्ष उरलं आणि आमच्या घरात एक टक्का शिरला. कुणाच्या तरी लग्नात जेवता जेवता, शेजारच्या खुर्चीवरच्या, यजमानांच्या अमेरिकेतल्या जावयानं बाबांना ठोकताळा सांगितला: भाड्यानं द्यायला घर घ्यायचं तर महिन्याचं भाडं किमतीच्या एक टक्का तरी यावं, येत नसेल तर त्या घराच्या वाटेला जाऊ नये. जावई अमेरिकेला परत गेला. टक्का आमच्याकडेच राहिला.

बाबा स्टील प्लांटात इन्स्पेक्शनला होते. जन्मभर माल एक तर पास केला, नाही तर रिजेक्ट. मधलं काही त्यांना ठाऊकच नाही. आता त्यांनी भिलाईतली घरं रिजेक्ट करायला घेतली.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. लग्न होऊन ती अमरावतीकडून आली ती सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, आणि तेव्हापासून प्लांटच्याच छपराखाली. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं. "मले माहं स्वतःचं घर पाहिजे," ती म्हणायची. "जिथून कोणी ऊठ म्हणणार नाही."

आणि बाबांचा बेत ऐका. फंडाच्या पैशातून घर घ्यायचं, ते महागात भाड्यानं द्यायचं, आणि आपण दोघांनी दुसऱ्या कुणाच्या घरात स्वस्तात भाड्यानं राहायचं! मी कपाळावर हात मारला.

"हिशोबानं पाह," बाबा आईला म्हणाले. "तू उगीच भावनेत वाहून राहिली."

विकणारा माणूस भाडं फुगवून सांगतो, म्हणून त्यांनी युक्ती काढली. घर विकाऊही असेल आणि भाड्यानंही मिळत असेल, तर आधी मामा गिऱ्हाईक बनून किंमत विचारून येणार. दुसऱ्या दिवशी आई-बाबा भाडेकरू बनून जाणार आणि खरं भाडं काढून आणणार. त्यांची मुलगी म्हणून मीही सोबत, कारण पोरगी दिसली की भाडेकरू खरे वाटतात.

पण आईचा स्वभाव आडवा आला. गेल्या गेल्या घरमालकिणीच्या गुडघ्यांची चौकशी, तुळशीचं कौतुक, की लगेच चहा समोर. दुर्गच्या एका मालकानं तर आठ हजार सांगितले आणि चहा संपेपर्यंत आपणच सहावर आला. "आप जैसे लोग मिलते कहाँ हैं, भाभीजी!" बाहेर आल्यावर बाबांनी स्कूटरला किक मारली आणि म्हणाले, "रिजेक्ट."

नंदिनी नगरच्या रस्त्यावरची मालकीण तर म्हणाली, पहिले दोन महिने काही देऊच नका. बाबा चिडून लालबुंद.

"तू जरा कमी गोड बोलत जा ना वं!"

"मग काय, भांडू लोकांशी?"

माणुसकी जितकी जास्त, तितकं घर नापास. असा आमचा तो काळ.

मग कुरुदचं घर. तीन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरू. आई स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरून हात फिरवला, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि तुळशीचं कौतुक करायचंही विसरली. मामांनी किंमत आणली होती वीस लाख. म्हणजे भाडं हवं वीस हजार, आणि त्या गल्लीत सात हजारांवर कोणी दमडी देत नव्हतं. हे आईला माहीत होतं; बाबा मात्र मालक भाडेकरूला सांगेल तोच आकडा खरा धरायचे.

मालकानं सहज विचारलं, "फैमिली में कितने लोग हैं?"

"अभी तो बारह," आई म्हणाली. "देवर लोग आएँगे तो अठारह."

बाबांनी तिला कोपरानं ढोसलं, ती थांबली नाही.

"मछली हमको रोज लगती. कुत्ते दो हैं, काटते हैं थोड़ा. और बड़े देवर सुबह-सुबह ढोल बजाते."

एकादशीला कांदासुद्धा न चिरणारी माझी आई! मी ओढणी तोंडात कोंबून अंगणात पळाले. मालक दोन पावलं मागे सरकला होता. ही ब्याद टळावी म्हणून तो म्हणाला, "किराया... बीस हजार. नहीं, बाईस!"

"पास!" बाबा त्याच्या तोंडावरच ओरडले.

घर घेतलं. बाईच्या नावानं रजिस्ट्री स्वस्त पडते, हाही त्यांचा एक ठोकताळा, म्हणून ते आईच्या नावानं झालं. मग बाबांनी फाटकावर पाटी टांगली: भाडे बावीस हजार. लोक पाटी वाचून हसत पुढे जायचे. क्वार्टर सोडायची तारीख जवळ आली तरी बाबा हटेनात. आई मात्र रोज जाऊन ते रिकामं घर झाडून यायची.

एका दुपारी आम्ही तिघंही तिथं असताना बदली होऊन आलेलं जोडपं दारात उभं. नवरा म्हणाला, "बाईस? ठीक है, कंपनी देती है." बाबांचा आनंद काय सांगू! "पाहिलं? म्हणत नव्हतो मी?" म्हणत ते खिळ्यावरच्या किल्ल्या आणायला आत धावले.

आई झाडू घेऊन उंबऱ्यावर उभी होती. ती म्हणाली, "घर खाली नहीं है."

तिच्या मागे तीन खोल्या. त्यांत साधा पाटसुद्धा नव्हता. आतून बाबांचं "काय?" भिंतीभिंतींवर घुमलं. त्या नवऱ्याच्या बायकोनं वाकून आत पाहिलं, मग आईकडे. "मकान मालिक कौन हैं?"

"मैं," आई म्हणाली.

मला रडूच आलं. जोडपं निघून गेलं. बाबा किल्ल्या हातात घेऊन बाहेर आले, पाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, मी त्यांना आयुष्यात कुणाला काही असं विचारताना पाहिलं नव्हतं, ते म्हणाले, "मंग... आपलं सामान कधी आणू?"