स्टिअरिंगच्या आत

ती घटना आठवली की आजही मला बसवत नाही. उठून अंगणात फेऱ्या मारतो. तेव्हा मी कोपरगाव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एक शेतकरी तावातावाने आत आला. त्याची बहीण शाळेत शिक्षिका होती. आदल्या दिवशी शाळेला जाताना तिची कार उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. छाती आणि जबडा स्टिअरिंगवर आपटला. ती अतिदक्षता विभागात होती.

"साहेब, एअरबॅग उघडलीच न्हाई. गाडी दाजींनी घरीच खोलली हुती. त्या दोघांचं पटत नव्हतं, साऱ्या गावाला ठाऊक हाय."

नवरा साखर कारखान्यात फिटर. आधीच्या एका धडकेत गाडीचं नाक चेपलं होतं, एअरबॅग फुटली होती. त्याने ती स्वतः दुरुस्त केली होती. त्याला चौकशीला बोलावलं.

"बोनेट, बंपर, रेडिएटर कुठून घेतलं?"

"सगळं नवं घेतलं, साहेब."

"आणि एअरबॅग?"

तो म्हणाला, "भंगार बाजारातनं. नवी यायला लई दिवस लागणार हुते. हिची शाळंला जायाची वढाताण व्हायची. आन् बोनेट रोज दिसतं, बॅग आत असती."

"भांडण कशावरून होतं?"

"त्याच्यावरनंच. गॅरेजला द्या म्हणायची. म्या ऐकलं न्हाई."

लबाड माणूस स्वतःला वाचवणारं उत्तर आधी शोधतो. हा स्वतःलाच अडकवत होता. तरी संशय सोडून चालणार नव्हतं.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून पंचांसमक्ष स्टिअरिंगचं झाकण उघडलं. आत बॅग नव्हतीच. फोम आणि चिंध्या कोंबून झाकण चिकटवलेलं होतं. डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा लागू नये म्हणून वायरींत, बॅग जागेवर आहे असं गाडीला भासवणारा, एक छोटा रेझिस्टर जोडलेला होता. शेजारी उभ्या नवऱ्याकडे बघून त्या शेतकऱ्याने मान फिरवली.

आता विकणारा हवा होता. दुकान नवऱ्याने सांगितलंच होतं. नगरजवळच्या त्या दुकानात मी हवालदाराला साध्या कपड्यांत गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. गाडी कोणती हे विचारण्याआधीच दुकानदाराने विचारलं, "बॅग पायजे का नुसता दिवा घालवायचाय?" मागच्या खोलीत झाकणं, फोम, गोंद, सगळा मुद्देमाल सापडला. त्याला ताब्यात घेतलं.

"मला तरी काय ठाऊक? वरनं जसा माल येतो तसा इकतो," हे त्याचं पालुपद. कुणाकुणाला विकलं, तेही आठवत नाही म्हणे. मला चैन पडेना. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या स्टिअरिंगकडे नजर जायची.

शेवटी मी सहज विचारलं, "घरात कुणाला बसवून दिलीस का?"

"धाकट्या भावाला दिली की. पण त्याला खरी दिली, साहेब."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. कोणती खरी, कोणती खोटी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग एकेक नाव निघू लागलं. तिसगावच्या एका प्रवासी जीपवाल्याला आम्ही बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात थांबवलं, तेव्हा गाडी माणसांनी भरलेली होती. स्टिअरिंग उघडलं, त्यातही चिंध्याच. जीपवाल्याने सगळ्यांना खाली उतरवलं.

शिक्षिका शुद्धीवर आल्यावर दवाखान्यात तिचा जबाब घेतला. तारांनी बांधलेल्या जबड्यातून ती एकेक शब्द काढत होती. "त्यांनी मला फसवलं नाही. ते फसले." मग डोळे मिटून म्हणाली, "पण मी सांगितलं होतं."

नवऱ्यावरचा संशय मिटला, दुकानदाराला शिक्षा झाली. त्यानंतर फसवणुकीच्या प्रत्येक तपासात मी आरोपीला एक प्रश्न विचारत आलो: हाच माल तू घरच्यांना दिला असतास का? निर्ढावलेल्यांचीही नजर त्यावर खाली जाते. त्या दुकानदाराला बोलतं करायला तो प्रश्न पुरला. पण सगळी गिऱ्हाइकं काही आम्हाला सापडली नाहीत. त्या गाड्या कुठंतरी धावत असतील, आणि आत बसलेली माणसं पट्टा लावून निर्धास्त असतील.