दरडीचा फोटो

पत्नी गेली त्याच वर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना माहिती पारखायला शिकवण्याचं काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे आलं. मन नव्हतं, पण महाडच्या घरात नुसतं बसूनही राहवत नव्हतं. दर वर्गात तेच सांगायचं: मोबाइलवर काही आलं तर ते आधी कोणी सांगितलं, तो माणूस तिथे होता का, हे बघा. मुलं माना हलवायची आणि परीक्षेत ‘बातमी मूळची कोणाची?’ यापुढे लिहायची: मुंबईचे काका.

त्यांचंही चुकत नव्हतं. पोलादपूरकडच्या वाड्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप मुंबईला गेलेली माणसंच चालवतात. गावातलं गावाला तिकडून कळतं.

ऑगस्टात तोंडी परीक्षा चालू होती. पाऊस लागून राहिला होता. कापडे गावाच्या वरच्या वाडीतली एक मुलगी समोर येऊन बसली आणि तिचा फोन वाजला. मुंबईहून वडिलांनी वाडीच्या ग्रुपवर फोटो पाठवला होता: वाडीवर दरड आली. घरी आई एकटी होती.

“सर, मी जाते.”

“आधी आईला फोन लाव.”

“लागत नाय.”

“मग शेजारी?”

तिने काकूला लावला. स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

“कसली दरड गो?” काकू ओरडली. “फोटूत डांबरी रस्ता दिसतोय. आपल्याकडं कधी झाला? थांब, तुझी आय गोठ्यात हाय.”

मग आईचा आवाज आला. “परीक्षा सोडून फोन काय करतेस? बापाला सांग, मी मेले की मीच कळवीन.”

मुलगी हसता हसता रडली. मीही हसलो, कितीतरी दिवसांनी. मग नेहमीचा प्रश्न विचारला, “बातमी मूळची कोणाची?”

“बाबांना कोणी धाडली, ते विचारते, सर.”

मी तिला पूर्ण गुण दिले.

मुलगी बाहेर गेल्यावर थोडा वेळ कोणालाच आत बोलावलं नाही. पत्नी रुग्णालयात होती तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवर ती गेल्याचं एकदा असंच आधी आलं होतं. सांत्वनाचा पहिला फोन तिनेच उचलला. “अजून आहे मी,” एवढंच म्हणाली. पुढे बातमी खरी झाली, तेव्हा लोकांनी शहाण्यासारखी तिच्याच नंबरवर खात्री करून घेतली. ते सगळे फोन मी उचलले.